एकास बहात्तर

माझ्या लिहिण्याच्या मेजावर एक विमान आहे. पुण्यात नोकरीस असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते मला भेट दिले. जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतून काढलेले. आकाराच्या मानाने हाताला चांगले जड लागणारे. पंख मुळाशी खाली झुकून पुढे पुन्हा वर वळलेले. चाके पोटात न जाणारी, कायम बाहेर राहणारी आणि त्यांवर धातूची आवरणे. दुसऱ्या महायुद्धातले हे जर्मन युंकर्स ८७, म्हणजेच प्रसिद्ध स्टुका. हे नाव ज्या लांबलचक जर्मन शब्दाचे संक्षिप्त रूप आहे त्याचा अर्थच 'सूर मारून लढणारे विमान' असा होतो. पेटीवर प्रमाण छापलेले आहे : १:७२. खऱ्या स्टुकाच्या पंखांचा विस्तार १३.८ मीटर होता. माझ्या मेजावर तो सुमारे १९ सेंटिमीटर भरतो.

मराठीत 'प्रमाण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मापाचा : नकाशाचे प्रमाण, मूर्तीचे प्रमाण. दुसरा पुराव्याचा : ज्याच्या आधारे एखादी गोष्ट खरी मानावी ते प्रमाण. नैयायिकांनी त्याचे प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द असे चार प्रकार मानले. एखादी वस्तू कोणत्या मापात दाखवली आहे आणि ती काय सिद्ध करते, हे दोन प्रश्न आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधून ठेवले आहेत. या विमानाच्या निमित्ताने मला जे म्हणायचे आहे ते याच गाठीविषयी आहे. आणि ते धाराशिव जिल्ह्यात बसून म्हणायचे आहे, कारण युद्धाचे विमान ही या जिल्ह्याच्या दृष्टीने केवळ परदेशी संग्राहकांच्या हौसेची वस्तू नाही. १९४८ च्या सप्टेंबरात लढाऊ विमाने याच रस्त्यावरून पुढे गेली आहेत.

प्रथम वस्तूविषयी. 'डाय-कास्ट' म्हणजे पोलादी साच्यात वितळलेला धातू दाबाने भरून केलेले ओतकाम. यासाठी वापरली जाणारी मिश्रधातू मुख्यतः जस्ताची असते. तीत थोडे ॲल्युमिनियम आणि अल्प प्रमाणात इतर धातू. ती कमी तापमानाला वितळते, साच्याच्या बारीकसारीक रेघा उचलते आणि एकाच साच्यातून हजारो नग निघतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची 'डिंकी टॉइज' ही खेळणी याच रीतीने तयार होत. जुन्या डिंकी खेळण्यांचा एक विकार संग्राहकांना चांगला ठाऊक आहे. मिश्रधातूत शिशाचा अंश जरासा जास्त राहून गेला, तर काही वर्षांनी खेळणे आतून तडकू लागते, फुगते आणि अखेर हातातच भुगा होते. वरून रंग शाबूत, आत धातू कुजलेला. हा दोष ओततानाच आत गेलेला असतो. नंतर कितीही जपले तरी उपयोग नसतो.

१९६९ मध्ये 'बॅटल ऑफ ब्रिटन' हा चित्रपट आला. त्या निमित्ताने डिंकीने स्पिटफायर आणि स्टुका ही दोन विमाने बाजारात आणली. त्यांतील स्टुकाच्या पोटाखाली एक सुटा बॉम्ब होता. त्यात टिकली भरायची. बॉम्ब खाली पडला की फट्ट असा आवाज येई. खऱ्या स्टुकालाही आवाजाची जोड होती. तिच्या चाकांच्या खांबांवर वाऱ्याने फिरणारे भोंगे बसवलेले असत आणि सूर मारताना त्यांतून किंकाळीसारखा आवाज निघे. त्याला 'जेरिकोचा कर्णा' म्हणत. त्या भोंग्यांनी बॉम्बचा नेम सुधारत नव्हता; ते जमिनीवरच्या माणसांसाठी होते. १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे पोलंडमधील व्हियेलून या गावावर स्टुकांनी बॉम्ब टाकले आणि युरोपातले युद्ध सुरू झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या आकाशात या संथ विमानांची इतकी हानी झाली की ऑगस्ट १९४० मध्ये त्यांना त्या मोहिमेतून मागे घ्यावे लागले. तरीही खेळण्यांच्या आणि संग्राहकांच्या जगात स्टुकाचे राज्य अबाधित राहिले. भीतीचे यंत्र म्हणून ज्याची घडण झाली, ते भीती वजा करून मेजावर ठेवता येते. डिंकीने आवाज ठेवला, पण त्याची दिशा बदलली. तो आता खाली असलेल्यांसाठी उरला नाही. विमान हातात धरणाऱ्या मुलासाठी उरला.

रोलाँ बार्थने 'मायथॉलॉजीज' या १९५७ च्या पुस्तकात खेळण्यांवर एक छोटा लेख लिहिला आहे. मोठ्यांचे जगच लहान करून मुलांच्या हाती दिले जाते आणि मूल त्यात निर्माता न होता केवळ मालक होते, असा त्याचा रोख आहे. सुसान स्टुअर्टने 'ऑन लाँगिंग' (१९८४) मध्ये लघुरूप आणि विराटरूप यांची सविस्तर चर्चा केली. लहान केलेली वस्तू आपल्याला तिच्याबाहेर आणि तिच्या वर उभे करते. ती आपल्या ताब्यात येते. विमानाच्या बाबतीत या विवेचनात एक भर घालावी लागते. विमानाच्या प्रतिकृतीकडे पाहणारा जिथून पाहतो, तिथूनच वैमानिकही जमिनीकडे पाहत असतो : वरून. संग्राहकाची नजर आणि बॉम्ब टाकणाऱ्याची नजर एकमेकींवर तंतोतंत बसतात. खाली काय होते, हे या मापात कुणी घडवतच नाही.

आता आपल्याकडे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय वैमानिकांनीही डाइव्ह बॉम्बर चालवले, ही गोष्ट आपल्या सामान्य ज्ञानात जवळजवळ नाही. ते विमान होते अमेरिकी बनावटीचे व्हल्टी व्हेन्जन्स. मूळ मागणी फ्रान्सची. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ती ब्रिटनकडे आली आणि युरोपात या जातीच्या विमानांचा निभाव लागत नाही हे कळल्यावर बहुतेक विमाने भारत-ब्रह्मदेश आघाडीकडे वळवण्यात आली. भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनना ती मिळाली. १९४३ च्या अखेरीपासून १९४४ च्या मध्यापर्यंत आराकान, इंफाळ आणि ब्रह्मदेशाच्या सीमेवरील जंगलांत त्यांनी जपानी ठाण्यांवर हल्ले केले. १९७१ च्या युद्धात भारताचे वायुसेनाध्यक्ष असलेले प्रतापचंद्र लाल हे तेव्हा ७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये व्हेन्जन्स उडवीत होते.

व्हेन्जन्सच्या रचनेत एक विलक्षण गोष्ट होती. उभ्या सुरात विमान नाकासमोर सरळ खाली यावे म्हणून त्याचे पंख धडाला शून्य कोनात जोडलेले होते. परिणामी सरळ उडताना त्याला सतत नाक वर करून जावे लागे. पडण्यासाठी निर्दोष, उडण्यासाठी अवघड. या विमानाची डाय-कास्ट प्रतिकृती माझ्या पाहण्यात आलेली नाही. स्टुका मात्र मागाल त्या मापात मिळते. बाजारात साचा त्याच वस्तूचा निघतो जिची कथा आधीच सांगितली गेली आहे. चित्रपटाने, कादंबरीने, मुलांच्या चित्रमालिकांनी. प्रतिकृती ही विमानाची असते असे आपण समजतो. वास्तविक ती कथेची प्रतिकृती असते.

युद्ध संपले, व्हेन्जन्स मोडीत निघाली. ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे पुढे हॉकर टेम्पेस्ट ही विमाने आली. टेम्पेस्ट काटेकोर अर्थाने डाइव्ह बॉम्बर नव्हे; ते लढाऊ विमान होते, पण पंखांखाली बॉम्ब किंवा अग्निबाण घेऊन तिरक्या सुराने जमिनीवरच्या लक्ष्यावर उतरण्याचे कामही त्याला दिले जाई. स्टुका आणि व्हेन्जन्स यांचे काम युद्धाच्या शेवटी अशाच विमानांनी उचलले होते. आणि याच टेम्पेस्टचे एक डाय-कास्ट खेळणे डिंकीने १९४६ पासून विक्रीस ठेवले होते. पंखांचा विस्तार अडीच इंचांच्या आसपास. मुलाच्या मुठीत मावेल एवढे. म्हणजे १९४८ साली इंग्लंडमधली मुले जे विमान सतरंजीवर फिरवीत होती, त्याच जातीचे खरे विमान आपल्याकडे पुण्याच्या तळावर सज्ज होत होते.

पुढचा इतिहास या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सांगितला जातो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात प्रवेश केला. मुख्य फौज मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून निघाली. पहिली लढाई नळदुर्गची. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच सैन्याने तो अखंड ताब्यात घेतला आणि दुसऱ्या शीख पलटणीने हैदराबादी ठाण्यावर हल्ला चढवला. सकाळी नऊला चिलखती तुकडी जळकोटला पोहोचली. दुपारी सव्वातीनला हद्दीच्या ६१ किलोमीटर आत, उमरग्यात. दुसरी तुकडी पहाटे तुळजापूरला भिडली. तेथे हैदराबादी पायदळ आणि सुमारे दोनशे रझाकार दोन तास लढले आणि मग शरण आले. लोहाऱ्याकडची आगेकूच नदीला पूर आल्याने अडली. दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, उमरग्याहून पूर्वेला ४८ किलोमीटरवरील राजेश्वरकडे फौज निघाली. वाटेवर दबा धरलेली ठाणी हवाई टेहळणीत दिसली होती, म्हणून टेम्पेस्ट विमानांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या हल्ल्यांनी वाट मोकळी झाली आणि दुपारपर्यंत राजेश्वर हाती आले. १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. १८ ला जनरल एल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली.

या मोहिमेला आपण 'पोलीस ॲक्शन' म्हणतो. रणगाडे, तोफखाना, चिलखती तुकड्या, बॉम्बफेकी विमाने, आणि नाव पोलिसांचे. त्याला कारणही होते. हैदराबादने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली होती आणि मोहीम चालू असतानाच, १६ सप्टेंबरला, ती परिषदेपुढे आली. हा दोन देशांमधील संघर्ष नसून देशांतर्गत सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, हे ठसवणारे नाव भारताला हवे होते. राजनैतिकदृष्ट्या ते समजण्यासारखे आहे. परंतु भाषेचा विद्यार्थी म्हणून पाहिले तर हे नाव म्हणजे एक प्रतिकृतीच आहे : एका युद्धाचे लहान मापात केलेले ओतकाम. माप कोणी ठरवले आणि कशासाठी, हे विसरून गेल्यावर लहान वस्तूच मूळ वस्तू वाटू लागते.

येथे गैरसमज नको. ही मोहीम व्हायलाच नको होती, असे मला सुचवायचे नाही. ज्या जिल्ह्यातून कासिम रझवी पुढे आला (तो लातूरचा वकील, आणि लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते) तेथे रझाकारांच्या दहशतीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. शेजारच्या बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे मे १९४८ मध्ये झालेले हत्याकांड, लुटलेली गावे, सरहद्दीपलीकडे छावण्यांत गेलेली तरुण मुले, हे सारे खरे आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्याचा वृत्तांत अनंत भालेरावांसारख्या त्यातल्याच एका कार्यकर्त्याने मराठीत तपशिलाने लिहून ठेवला आहे. तो आपला वारसा आहे. प्रश्न एवढाच आहे की वारशाची कथा पाच दिवसांत संपते आणि गावांतली कथा तेव्हा संपलेली नव्हती.

नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि त्यांच्या सहकाऱ्यांची एक सद्भावना समिती नेहरूंच्या इच्छेवरून संस्थानात फिरली. तिने सरकारला दिलेला अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. २०१३ मध्ये दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहता येऊ लागला. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली, असा समितीचा अंदाज आहे. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते. सर्वाधिक झळ लागलेले जिल्हे म्हणून चार नावे येतात : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. या चार जिल्ह्यांतच मृतांची संख्या १८ हजारांहून कमी नसावी, असे समिती म्हणते. लातूरमध्ये वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होत्या, हेही तिने नोंदवले आहे. आणि आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना घरात आसरा देऊन वाचवणारे हिंदूही तिला भेटले, हेसुद्धा. त्या वेळच्या सरकारने हे आकडे स्वीकारले नाहीत आणि संशोधकांत त्यांविषयी वाद आहेत. पण आकडा कोणताही धरला, तरी तो विमानाच्या काचेतून दिसणारा नाही. ही हिंसा आकाशातून झाली नाही. ती गल्लीत झाली, ओळखीच्या माणसांमध्ये, विमाने निघून गेल्यावर.

आता पुन्हा माझ्या मेजाकडे. या विमानाच्या मापात उमरगा ते राजेश्वर हे ४८ किलोमीटरचे अंतर किती होईल, ते मी एकदा काढून पाहिले. सुमारे ६६७ मीटर. साडेपाच फुटांचा माणूस सव्वादोन-अडीच सेंटिमीटरांचा. म्हणजे विमानाला न्याय देणारे माप जमिनीला द्यायचे झाले, तर माझ्या मेजापासून कॉलेजच्या फाटकाच्याही पुढे जावे लागेल आणि त्या सबंध वाटेवर बोटाच्या पेराएवढी माणसे उभी करावी लागतील : ज्वारीच्या रानातली, ओढ्याकाठची, वेशीतली, मशिदीतली, मारुतीच्या पारावरची. असे कुणी करत नाही. संग्राहक विमानापुरते माप अचूक ठेवतो. इतिहासाची क्रमिक पुस्तके मोहिमेपुरते. दोन्हींत जमीन गाळलेली असते. मापाच्या अर्थाने प्रमाण बिनचूक, पुराव्याच्या अर्थाने अपुरे.

भौतिक पुरावेही फार उरलेले नाहीत. टेम्पेस्ट विमान पाहायचे तर दिल्लीला पालमच्या संग्रहालयात जावे; भारतीय हवाई दलात असलेले एक टेम्पेस्ट तर लंडनजवळच्या हेंडन येथील संग्रहालयात जाऊन पोहोचले आहे. यंत्रे अशी जपली जातात. ज्या घरांवरून ती गेली, ती घरे जपली गेली नाहीत. उमरगा आणि लोहारा भागातल्या दगडमातीच्या जुन्या घरांपैकी किती तरी ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात जमीनदोस्त झाली. गावेच्या गावे नव्या जागी वसली. ज्या ओसरीत बसून कोणी पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगावी, ती ओसरीच राहिली नाही. जिल्ह्याचे नावही बदलले. सातव्या निजामाच्या, उस्मान अलीच्या, नावावरून आलेले उस्मानाबाद २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले. त्याही आधी या जिल्ह्याची ओळख नळदुर्ग जिल्हा अशी होती. नावे बदलत राहतात. पण ज्या वर्षाबद्दल बोलायचे, त्या वर्षी त्या गावाला काय म्हणत हे तरी विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

तेव्हा उरते ते चौथे प्रमाण : शब्द. आमच्याकडे वयस्कर माणसे आपला जन्म 'रझाकारीच्या साली', 'पोलीस ॲक्शनच्या आधी दोन वर्षे' असा सांगत. त्या बोलण्यात तारीख नसे, पण दिशा असे : कोणत्या शेतात लपलो, कोणाच्या घरी आठ दिवस काढले, कोण गेले ते परत आले नाही. नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानले ते 'आप्त' माणसाच्या, म्हणजे विश्वास ठेवावा अशा माणसाच्या, शब्दाला. वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम येथे सुरू होते. एकाच गावातल्या दोन मोहल्ल्यांत ऐकलेल्या दोन हकिकती जुळत नाहीत तेव्हा घाईने एकीला खोटी ठरवण्याऐवजी त्या कोणत्या मापात सांगितल्या आहेत, हे पाहायला आपण शिकलेले असतो. कादंबरीतल्या दोन निवेदकांना जो धीर आपण देतो, तो आपल्या शेजारच्या माणसाला द्यायला हरकत नसावी.

जुन्या डिंकी खेळण्यांच्या त्या विकाराची मला अनेकदा आठवण होते. ओततानाच आत राहून गेलेला शिशाचा कण ताबडतोब दिसत नाही. रंग चांगला असतो, आकार नेमका असतो. पण एखादी गोष्ट वगळून ओतलेला इतिहासही असाच, पुढे कधी तरी, आतून तडकतो. आणि तो ज्यांच्या हातात तडकतो ती माणसे बहुधा ओतकामाच्या वेळी जन्मलेलीही नसतात.

गेल्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन नळदुर्गला गेलो होतो. किल्ल्यातला पाणीमहाल, बोरी नदीचा बांध आणि त्यावरून कोसळणारे पाणी पाहून मुले हरखली होती. परतताना मी त्यांना रस्त्यावर थांबवून १३ सप्टेंबरच्या सकाळची हकिकत सांगितली : सोलापूरकडून आलेली फौज, अखंड हाती लागलेला पूल, पुढचे जळकोट. एकीने विचारले, "सर, त्या दिवशी या गावातली माणसं कुठं होती?" पुलाचे, पलटणीचे, वेळेचे सगळे तपशील माझ्याकडे होते. या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुढच्या सत्रात तिने आणि तिच्या चार मैत्रिणींनी हाच प्रकल्प घेतला आहे. नळदुर्ग ते उमरगा या वाटेवरच्या गावांत जाऊन, दोन्ही समाजांच्या घरांत बसून, त्या आठवड्याविषयी जे ऐकायला मिळेल ते सांगणाऱ्याच्याच भाषेत उतरवून घ्यायचे. वेळ फारसा नाही. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीकडे झुकले आहे.